वीस मिनिटांचं इंजिन

इंजिन सुरू व्हायला कधीच त्रास देत नव्हतं, आणि पंचाईत तिथंच होती. हँडल मारलं की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ते धरायचं, धूर टाकायचं, आणि होडी कशेळीच्या बंदरातून खाडीत शिरायची. साधारण वीस मिनिटं सगळं ठीक. मग आवाज पातळ व्हायला लागायचा. दोन सिलिंडरांच्या भरीव ठोक्यातला एखादा ठोका मध्येच गळायचा, मग दोन, आणि शेवटी आचके देऊन ते बंद पडायचं. मी नळीतली हवा काढायचो, पुन्हा हँडल मारायचो. पुन्हा ते धरायचं. पुन्हा वीस मिनिटं.

मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. गाव माझं परभणीकडचं. शाळा सातवीत सुटली, कारण विहिरीवरच्या डिझेल इंजिनापाशी बसायला घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या इंजिनानं मला जे शिकवलं तेवढंच माझं शिक्षण. पुढं विहीरच आटली आणि मी भिवंडीला आलो. नारपोलीत दोन वर्षं लूम चालवले. एक दिवस मालकानं सगळे लूम भंगारात काढले आणि आम्हा कामगारांना जायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला विणाईत डाग पडलेल्या कापडाचा एकेक तागा दिला. पांढरंशुभ्र, कोरं सुती कापड. तो तागा आणि एक पत्र्याची पेटी घेऊन मी काम विचारत कशेळीपर्यंत चालत गेलो.

बंदरावर एक रेतीची होडी उभी होती आणि एक म्हातारा तिच्या इंजिनाला हँडल मारून मारून घामाघूम झाला होता. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. न विचारता बोलायची मला भीती वाटते, अजूनही वाटते. शेवटी म्हटलं, "बाबा, त्यानं हवा धरली असेल."

"मंग काड ना," तो म्हणाला, वर न बघता.

मी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारला, फेस येऊन गेला, निव्वळ डिझेल आलं, स्क्रू आवळला. इंजिन धरलं. तेव्हा त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं.

"कुठला रं तू?"

"परभणीकडचा."

"पवता येतं?"

"नाही."

"मंग पडू नको," तो म्हणाला, आणि मी कामावर लागलो.

तो त्या होडीचा तांडेल होता, म्हणजे सुकाणू धरणारा, होडीची सगळी जबाबदारी अंगावर असलेला माणूस. होडी त्याची नव्हती. ती शेठची होती. शेठ तिथलाच, आगरी घरातला. त्याच्या जमिनीवर गोदामं उभी राहायला लागली होती आणि होडी त्याला आता ओझं वाटत होती. पण ती त्याच्या वडिलांची, आणि तांडेलही वडिलांच्या वेळचा. तांडेलानं मला त्याच्या घराच्या मागच्या पडवीत झोपायला जागा दिली. त्याच्या बायकोला मी वयनी म्हणायचो, कारण सगळी वस्ती तिला तेच म्हणायची. मला मासे खाता येत नव्हते. ती एकेक काटा काढून तांदळाच्या भाकरीवर मासा ठेवायची आणि म्हणायची, "खा रं, ज्वारी हितं न्हाय पिकत." त्या दोघांचं मी काय देणं लागतो याचा विचार मनात यायचा तेव्हा मला घास गिळवत नसे.

म्हणून तो तागा मी त्यांना दिला. तांडेल बंदरावरच्या कुलूपबंद ड्रममधलं डिझेल गाळून टाकीत ओतायचा, आणि त्याचं गाळणं म्हणजे वयनीच्या जुन्या लुगड्याचा, धुवून धुवून जाळी झालेला तुकडा. मला ते बघवत नसे. मी ताग्याचा हातभर तुकडा फाडला आणि ते लुगडं बाजूला केलं.

"नवा कापड कशाला नासवतो?" तांडेल म्हणाला.

"इंजिनाला स्वच्छ लागतं, बाबा."

"तुजं इंजान, तुजी मर्जी," तो म्हणाला. पण त्याला बरं वाटलं होतं, ते मला दिसलं. तुकडा मळला की मी दुसरा फाडायचो. ताग्याला कमी नव्हती.

त्यानंतर महिन्याभरानं इंजिन बंद पडायला लागलं.

पहिल्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. होडीवर चौघे डुबीवाले असायचे. बांबू धरून पाण्याखाली बुडी मारायची, बादलीनं रेती भरायची, वर आणायची, असं त्यांचं काम. ते बिहारकडचे होते आणि चेष्टा करण्यात कुणाला सोडत नसत. "इंजनवाले भाई, पहुँचाओगे कि तैर के जाएँ?" असं त्यांच्यातला एक विचारायचा. बाकीचे हसायचे. मला पोहता येत नाही हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी फिल्टर बदलला. जुना फिल्टर कापून बघितला. आत जवळजवळ साफ. फिल्टर साफ म्हणजे डिझेल साफ, आणि डिझेल साफ म्हणजे टाकीकडं बघायची गरज नाही, असा मी हिशोब केला. आज कळतं की त्याच जागी मी चुकलो. फिल्टर साफ राहिला होता, कारण घाण तिथवर पोचतच नव्हती. पण तेव्हा मी पुढच्या बाजूला शोधत राहिलो. नळ्यांच्या जोडांना साबणाचा फेस लावला. तांब्याचे वायसर तापवून मऊ केले, पुन्हा बसवले. टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीडपंप उघडला. त्याच्या आतला रबरी पडदा जुना होता, नवा टाकला. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तारेनं मोकळं केलं. दर वेळी वाटायचं, हेच होतं. दर वेळी घड्याळात वीस मिनिटं व्हायची आणि ठोका गळायचा.

चौथ्या दिवशी शेठ बंदरावर आला. येताना एक काचेची बाटली घेऊन आला होता. होडीत चढला, टाकीच्या बुडाचं बूच सैल केलं, बाटली भरून घेतली आणि बंदरावरच्या दगडावर ठेवली. मग शेजारी खुर्ची टाकून बसला. आम्ही सगळे त्या बाटलीकडं बघत होतो. अर्ध्या तासात तिच्या तळाला पाण्याचा बोटभर थर जमला आणि त्यात पांढुरकं काहीतरी बसलं, नासलेल्या दुधासारखं.

"काका," शेठ तांडेलाला म्हणाला, "ड्रमाची चावी कोनाकडं हाय?"

"माज्याकडं."

"आनि कोनाकडं?"

"न्हाय."

"मंग ह्ये काय हाय, तूच सांग मना."

तांडेलानं बाटली उचलली, उन्हात धरली, परत ठेवली. "मना ठाव न्हाय," तो म्हणाला.

खाडीवर तेव्हा बोललं जायचं की काही तांडेल डिझेल बाहेर विकतात आणि ड्रमात वाटेल ते मिसळून भरती करतात. शेठ ते शब्द तोंडानं बोलला नाही. त्याच्या वडिलांना ज्यानं पोहायला शिकवलं त्या माणसाला ते कसं बोलणार. तो एवढंच म्हणाला, "उद्या मी सोता येतंय होडीवर. उद्या इंजान बंद परला तर चावी मना दे, काका. मंग तू घरी बस. वय पन झाला तुजा."

तांडेलानं मान हलवली. वस्तीतली दहा माणसं ऐकत होती. डुबीवाल्यांपैकी कुणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी वयनीनं वाढलं, पण तांडेल जेवायला बसला नाही. ओट्यावर बसून जाळं विणत होता. त्याच्याकडं जाळं टाकायला वेळ नसायचा, तरी विणायचा. मी जवळ जाऊन बसलो.

"बाबा, उद्या एक दिवस होडी काढू नका. मी सगळं इंजिन उतरवतो."

"न्हाय काडली तर त्याला वाटंल मी घाबरलो."

"पण त्यात काय मिसळलंय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "तू पन इचारतो?"

मला जमिनीत जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती होती. शेठ पांढऱ्या कपड्यांत येऊन मधल्या फळीवर बसला. माझी तारांबळ उडाली होती, कारण शेठ वेळेआधी आला आणि मला वाटेत लागलं तर म्हणून एक पाच लिटरचा कॅन भरून घ्यायचा होता. ड्रममधून तसाच, न गाळता भरला. गाळणं शोधायला वेळच नव्हता. तो कॅन मी इंजिनाशेजारी कोंबला.

जाताना इंजिन दोनदा बंद पडलं आणि दोन्ही वेळा मी हवा काढून सुरू केलं. शेठ फक्त घड्याळ बघायचा. रेतीच्या जागी पोचलो, डुबीवाल्यांनी दुपारपर्यंत होडी भरली. रेतीनं भरलेल्या होडीचा काठ पाण्याच्या जेमतेम वीतभर वर असतो. परभणीच्या माणसाला त्या वीतभरावर विश्वास ठेवायला फार वेळ लागतो. मला तो कधीच बसला नाही.

परतताना ओहोटी लागली होती. पाणी जोरात खाली चाललेलं, आणि समोर रस्त्याचा पूल. वर ट्रकांची रांग, खाली खांब, खांबांना पाणी धडकून दोन्ही बाजूंनी भोवरे फिरत होते. दोन खांबांच्या मधून जायचं तर सुकाणू ऐकलं पाहिजे, आणि सुकाणू ऐकायला इंजिन चालू पाहिजे. घड्याळात सतरा मिनिटं झाली होती. मी इंजिनाकडं न बघता नुसता ऐकत होतो. एक ठोका गळला.

"बाबा, जाणार," मी म्हणालो.

"किती येल हाय?"

"मिनिटभर."

त्यानं तेवढ्यात होडी खांबांपासून आडवी वळवली आणि ओरडला, "नांगर टाका." इंजिन मेलं. नांगर पडला, पण खाली चिखल होता. नांगर धरेना, नुसता ओढला जात होता. दोन डुबीवाले बांबू रोवून उभे राहिले. होडी हळूहळू पुलाकडं सरकत होती. शेठनं चप्पल काढून हातात घेतली होती. का, ते त्यालाही माहीत नसावं.

मी हवा काढायला स्क्रूला हात घातला आणि थांबलो. तेवढा वेळच नव्हता. मग फीडपंपाकडं येणारी टाकीची नळी सोडवली, तोंडात धरली आणि जीव खाऊन उलटी फुंकली. आधी अजिबात जाईना, जणू कुणी पलीकडून बोट लावलंय. मग एकदम काहीतरी सुटलं आणि टाकीत बुडबुड असा आवाज आला. तोंडात डिझेल भरलं. मी थुंकलो, आणि त्या क्षणी मला कळलं. इतके दिवस मी हवा काढत होतो आणि इंजिन त्यामुळं चालतंय असं समजत होतो. हवा काढण्यानं काहीच होत नव्हतं. नळीच्या टाकीतल्या तोंडाशी काहीतरी होतं. इंजिन चालू असलं की ओढीनं ते येऊन चिकटायचं, बंद पडलं की ओढ थांबायची आणि ते सुटून खाली बसायचं. पुन्हा यायला त्याला वीस मिनिटं लागायची.

मी टाकीची नळी तशीच सोडून दिली. कॅन वर, डोक्याच्या उंचीला, एका डुबीवाल्याच्या हातात दिला, त्यात दुसरी नळी घातली, तोंडानं ओढून डिझेल खाली आणलं आणि पंपाला जोडलं. हातपंप दहा-बारा वेळा मारला. हँडल. नाही. पुन्हा हँडल. धरलं.

तांडेलानं सुकाणू वळवलं. "नांगर घ्या," एवढंच म्हणाला. खांब आमच्या उजव्या हाताला इतका जवळून गेला की त्यावर चिकटलेली कालवं मोजता आली असती. पूल मागे पडला. "भाई, हाथ टूट रहा है," कॅन धरलेला म्हणाला. "खाली मत कर," मी म्हणालो, "हाथ बदल." बंदरापर्यंत चाळीस मिनिटं लागली. इंजिनाचा एकही ठोका चुकला नाही.

होडी लागली. शेठ उतरला नाही. "उघड," तो म्हणाला.

मी टाकीचं झाकण काढलं आणि ओढायची नळी बाहेर घेतली. तिच्या तोंडाला कचरा अडवायला पितळी जाळी असते. त्या जाळीवर टोपीसारखं काहीतरी बसलं होतं, पांढरट, लिबलिबीत, बोटभर जाड. मी ते काढून दोन बोटांत चोळलं.

माझ्या हातांना ते डोळ्यांच्या आधी कळलं. दोन वर्षं माझ्या बोटांत तेच होतं. लूमवर सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, पिठाची. कोऱ्या कापडात ती खळ तशीच असते, म्हणून तर नवं कापड कडक लागतं. धुतल्याशिवाय ती जात नाही. आणि त्याच्यात कापडाची बारीक पिसं, सुटलेले तंतू. मी दर दिवशी ताग्याच्या कोऱ्या कापडातून डिझेल गाळत होतो आणि दर दिवशी खळीची पूड आणि पिसं टाकीत सोडत होतो. खाडीच्या दमट हवेनं टाकीच्या बुडाला पाणी जमायचंच. त्यात पडून त्याचा लगदा झाला होता. शेठच्या बाटलीतलं पांढरं तेच होतं. न गाळलेल्या कॅनवर इंजिन चाळीस मिनिटं चाललं होतं.

भिवंडीत लूमवर काम केलेल्या माणसाशिवाय कोऱ्या कापडाचं हे गाळणं दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, आणि ती खळ दुसऱ्या कुणाला ओळखताही आली नसती. तो लगदा खाडीत टाकला असता तर तिथं कुणाला काही कळलं नसतं. मला हे लिहिताना लाज वाटते, पण तो विचार माझ्या मनात आला. पडवी आठवली, भाकरी आठवली, परत पेटी उचलून कुठं जायचं तेही आठवलं.

"काय हाय त्ये?" शेठनं विचारलं.

तांडेल म्हणाला, "टाकीतला गाल असंल. जुनी टाकी हाय."

तो मला सांभाळत होता की त्याला खरंच तसं वाटत होतं, ते मी कधी विचारलं नाही.

"गाळ नाही, शेठ," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "माझ्या कापडाची खळ आहे. बाबांनी काही मिसळलं नाही. मी गाळणं बदललं."

शेठ माझ्याकडं बघत राहिला. "कापडाची?"

मी वस्तीतून पाण्याची बादली आणवली. ताग्याचा कोरा तुकडा त्यात बुडवून पिळला. पाणी दुधाळ झालं. मग ड्रममधून थेट एक बाटली भरली आणि त्याच्या बाटलीशेजारी ठेवली. ती वरपासून खालपर्यंत सारखी, स्वच्छ राहिली. शेठनं दोन्ही बाटल्या उचलून किती तरी वेळ बघितल्या. तीच दहा माणसं पुन्हा जमली होती.

"म्हंजे काका सुटला," तो म्हणाला, "आनि तू अडकला."

"हो शेठ."

"पुलाखाली मेलो असतो सगले."

"हो."

"उद्यापासून येऊ नको," तो म्हणाला. रागानं नाही, एखादी गोष्ट मिटवावी तसं.

तांडेल सुकाणूपाशी बसला होता. त्यानं कमरेची चावी सोडली आणि फळीवर, शेठच्या पुढ्यात ठेवली.

"ह्ये काय, काका? तुजा काय गुन्हा न्हाय बोललो ना."

"काल बोलायचा व्हता," तांडेल म्हणाला. "आज ह्यो सोता बोलला, लपवता येत व्हता तरी. ड्रमावर असा मानूस पायजे. चावी त्याला दे, न्हायतर दुसरा तांडेल बघ."

शेठ उठला, चप्पल घातली आणि बंदरावर गेला. तिथं पाठमोरा उभा राहून त्यानं कुणाशी तरी मोबाईलवर उगाच लांबलचक बोलणं केलं. चावी फळीवरच राहिली. तो गाडीत बसून निघून गेला तेव्हाही ती तिथंच होती. त्यानं ती नेली नाही, एवढंच त्याचं उत्तर.

"उचल," तांडेल म्हणाला.

मी उचलली. त्यानं ताग्याचा तुकडा बादलीत टाकला, पाणी बदलून बदलून पिळत बसला. चार वेळा, पाच वेळा. पाणी निवळ यायला लागलं तसा तुकडा झटकून त्यानं नांगराच्या दोरावर वाळत घातला. "नवा कापड चांगला अस्तंय," तो म्हणाला, "पन आदी धुवायचा. तुमच्याकडं नवरा मुलगा नवा कापड न धुता घालतो काय?"

"घालतो," मी म्हणालो.

"घाटी," तो म्हणाला, आणि हसला.

आम्ही टाकी धुतली, पाणी काढलं, जाळी घासली. इंजिन पुढं त्या कारणानं कधी बंद पडलं नाही. मी त्या होडीवर तीन वर्षं होतो. पण होडी खाडीत शिरली की माझी नजर घड्याळावर जायची, आणि सतरा, अठरा, एकोणीस मिनिटांना मी श्वास धरून ऐकायचो. तांडेल मागून बघत असायचा. एकविसावं मिनिट लागलं की तोच सांगायचा, "झाला रं. आता खा काय तरी." वयनीनं बांधून दिलेली भाकरी मी तेव्हा सोडायचो. तोपर्यंत मला ती कधी गिळता आली नाही.